साईड बीच्या शेवटची चांदणी

आमची इमारत १९८४ सालची. गेल्या दिवाळीच्या आधी रिडेव्हलपमेंटच्या करारावर शेवटच्या सभासदाची सही झाली आणि जागा रिकामी करायला आम्हाला दोन महिने मिळाले. पुण्यात हल्ली हे घरोघरी चाललंय, त्यामुळे त्याचं रडगाणं इथे गात नाही. सांगायचं एवढंच की माळा उपसायची वेळ आली. पितळेचं घंगाळ, लेकीचा पाळणा, कल्हई उडालेली पातेली असं एकेक खाली आलं आणि सगळ्यात मागे, भिंतीला टेकून, सुतळीने बांधलेली बिस्किटांची दोन खोकी निघाली. माझ्या कॅसेटी. मोजल्या, १६३ भरल्या.

"भंगारवाला उद्या येणारच आहे," नवरा म्हणाला. मग माझ्या चेहऱ्याकडे बघून सावरून घेत, "म्हणजे, यातलं सगळं आता मोबाइलवर मिळतंच ना?"

"मिळतं," मी म्हटलं. आणि मला तेव्हा खरंच तसं वाटत होतं.

खोकी उघडली तर डांबराच्या गोळ्यांचा वास. ९२ कॅसेटी कंपनीच्या, छापील कव्हरांच्या. उरलेल्या ७१ भरलेल्या. यातल्या १३ घरी टू-इन-वनवर रेडिओवरून घेतलेल्या आणि ५८ दुकानातून भरून आणलेल्या. "कॅसेट भरून आणणे" हे ज्यांनी केलंय त्यांना पुढचं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगते.

मी कराडची. १९८९ ते ९३ कॉलेजात होते. एसटी स्टँडापासून चालत पाच मिनिटांवर एक दुकान होतं. दुकान कसलं, जिन्याखालची जागा. दोन डेक, एक अॅम्प्लिफायर, भिंतभर फळ्या, फळ्यांवर एलपी आणि कॅसेटी दाटीवाटीने, आणि स्टुलावर काका. आपण फुलस्केप कागदावर गाण्यांची यादी न्यायची. यादीत अठरा गाणी लिहायची, कारण चार-पाच त्यांच्याकडे नसायची आणि दोन-तीन त्यांना पसंत नसायची. कोरी कॅसेट आपली किंवा त्यांची. आठवडाभराने जायचं, पैसे द्यायचे आणि भरलेली कॅसेट घेऊन यायचं. हे सगळं बेकायदा आहे हे आमच्या गावीही नव्हतं. कॉपीराइटचा कायदा १९५७चा आणि १९८४ साली त्यातल्या शिक्षा आणखी कडक केलेल्या, पण जिन्याखाली ती बातमी पोचलेली नव्हती.

साठच्या कॅसेटला एका बाजूला ३० मिनिटं. पाच मिनिटांची म्हणून धरलेली गाणी कधी सव्वापाच निघतात, कधी साडेचार. त्यामुळे बाजूच्या शेवटी दोन-अडीच मिनिटांचं रीळ उरायचंच. दुसरा कुणी तेवढं कोरं सोडून देता. काका सोडत नसत. त्यात ते आपल्या मनाने काहीतरी भरायचे. नाट्यपदाचा तुकडा, एखाद्या ठुमरीचं तोंड, निर्गुणी भजनाचा एकच अंतरा. आणि कॅसेटच्या डबीतल्या इनलेच्या कार्डावर, निळ्या रिफिलने लिहिलेल्या गाण्यांच्या खाली, तिथे गाण्याचं नाव न लिहिता लाल रिफिलने एक चांदणी काढायचे.

पहिल्यांदा मी तक्रार करायला गेले होते. सतरा वर्षांची मी, सिनेमाची गाणी भरायला दिलेली आणि शेवटी हे कोण म्हातारे गृहस्थ आलाप घेतायत?

"काका, हे मी सांगितलं नव्हतं."

"त्याचे पैसे घेतले का?"

"नाही, पण..."

"शेजारणीचं भांडं तुझी आई रिकामं परत पाठवते का? चिमूटभर साखर तरी घालतेच ना? मग रीळ तरी रिकामं कसं द्यायचं?"

"पण हे आहे कुणाचं?"

"आधी ऐक. नाव नंतर."

ते नंतर बहुतेक वेळा आलंच नाही. पुढे पुढे मी विचारायचंही सोडून दिलं.

तर माळ्याखाली, जमिनीवर फतकल मारून मी कार्डं बघत होते आणि चांदण्या मोजत होते, तेव्हा नवऱ्याच्या वाक्यातली गोम लक्षात आली. गाणी मोबाइलवर होती. चांदण्या नव्हत्या. नावच ठाऊक नाही तर शोधणार काय?

*

ऐकायचं तर यंत्र हवं. घरातला टू-इन-वन केव्हाच मोडीत गेलेला. दादाचा वॉकमन मात्र खोक्यातच होता, मोज्यात गुंडाळलेला. मामाने १९९० साली मस्कतहून आणलेला. आला तो दादाचा म्हणून, पण आमच्या घरात त्यावरून जितकी भांडणं झाली तितकी वाटणीवरूनही झाली नसती. सोनीने जपानात १ जुलै १९७९ला पहिला वॉकमन विकायला काढला, ३३,००० येनांना. निळा-चंदेरी. त्याला म्हणे हेडफोनची दोन भोकं होती, दोघांनी मिळून ऐकावं म्हणून, आणि एक नारिंगी बटण. ते दाबलं की गाणं हळू व्हायचं आणि माइकमधून एकमेकांशी बोलता यायचं. पुढच्या मॉडेलांतून दुसरं भोक गेलं. ज्याने ते काढायचं ठरवलं त्याला बहीण नसावी. आम्ही हेडफोनची पट्टी ताणून एकेक कान वाटून घ्यायचो. दोन महिन्यांत ती मधोमध मोडली.

दादाला नाशिकला फोन केला. म्हणाला, "सेल काढले होतेस का आतले?"

काढले नव्हते. पेन्सिल सेल फुटून हिरवट-पांढरी भुकटी सगळीकडे पसरली होती. पाठीमागचे चार स्क्रू काढले तर आतला बेल्ट वितळून डांबर झालेला. रबरी बेल्टांचं जुनेपणी हे असंच होतं. काही ताठ होऊन तुटतात, काही चिकट काळी राब होऊन पुलीला बसतात. हाताला लागलं तर साबणाने जात नाही, स्पिरिटनेच जातं. व्हिनेगर आणि जुन्या टूथब्रशने मी दोन संध्याकाळी खपले. पण सेलच्या पाण्याने पीसीबीवरची, म्हणजे आतल्या सर्किटच्या पाटीवरची, तांब्याची रेघच खाऊन टाकलेली. तापकीर गल्लीतल्या मेकॅनिकने भिंग लावून बघितलं आणि मान हलवली. "ताई, ह्याला पाणी सोडा आता."

म्हणून रविवारी मंगळवार पेठेतला जुना बाजार. बुधवारी आणि रविवारी भरतो. गंजके पाने, देवाच्या मूर्ती, चष्म्याच्या फ्रेमा, कुणाकुणाच्या लग्नाचे अल्बम. मी पर्समध्ये दोन नवे पेन्सिल सेल, हेडफोन आणि एक कॅसेट घेऊन गेले होते. असं जायचं असतं हे मला ठाऊक होतं असं नाही. आदल्या रविवारी हात हलवत परत आल्यावर सुचलेलं शहाणपण.

"चालू आहे का?"

"एकदम चालू. सेल टाकून बघा."

सेल टाकले. विक्रेत्याचा चेहरा जरा पडला, कारण सेल टाकून बघा म्हणणाऱ्याला समोरच्याकडे सेल नसतात हे पक्कं माहीत असतं. पहिल्यात मोटरच फिरेना. दुसऱ्यात मोटर फिरली, चाकं नाही. तिसरा आपोआप बाजू बदलणारा, दिसायला देखणा, पण त्यात हेड (फितीवरचा आवाज वाचणारा भाग) फिरतं आणि बिघडायला जागा जास्त. चौथा अगदी साधा. प्ले, स्टॉप, पुढे, मागे आणि आवाजाची चकती. गाणं सुरू झालं, पण गाणारी बाई तापाने फणफणल्यासारखी. आवाज जड, लडखडता. म्हणजे मोटर आणि हेड शाबूत, बेल्ट सैल. हाच घ्यायचा. ९०० सांगितले, ५५० ला दिला. वर म्हणाला, "ताई, कॅसेटी असतील तर आणा, घेतो मी. पोरं शोधत येतात हल्ली."

बेल्टसाठी पुन्हा तापकीर गल्ली. हे दुकान म्हणजे खिळ्याखिळ्यांवर बेल्टांचे झुबके. मापाचा नंबर कुणाला माहीत असतो? दुकानदाराने दोन पुल्यांभोवती दोरा गुंडाळून घेतला, सरळ करून पट्टीवर धरला आणि त्याहून बोटाच्या पेराएवढा आखूड बेल्ट काढून दिला. रबर ताणून बसलं पाहिजे, पण फार ताणलं तर मोटर दमते. दोन घेतले. एक बसवताना चिमट्याने कापला जाईल असं वाटलं होतं, आणि तसंच झालं.

हेड पुसणं सोपं. कापसाची काडी, आयसोप्रोपिल अल्कोहोल. पहिली काडी तपकिरी निघाली. तो तपकिरी रंग म्हणजे कॅसेटींवरून झडलेला लोहाचा गंज. रिळावर गाणं धरून ठेवतो तो तोच. बारीक वाटलेला आयर्न ऑक्साइड प्लास्टिकच्या फितीवर लेपलेला असतो, एवढंच. काडी कचऱ्यात टाकताना उगीच वाटून गेलं की यात कोण जाणे कुणाची तान गेली.

*

मग आला वेग. कॅसेटचं रीळ सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर जायला हवं. फिलिप्सने १९६३ साली बर्लिनच्या रेडिओ प्रदर्शनात कॅसेट मांडली, तेव्हापासून जगभर हेच माप. बेल्जियमच्या हासेल्टमध्ये लू ओटेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती घडवली. कोटाच्या खिशात मावेल असा लाकडाचा ठोकळा कापून घेऊन त्यांनी आधी आकार ठरवला आणि मग त्यात यंत्र बसवायच्या मागे लागले. २०२१ मध्ये ते गेले तेव्हा बातमी वाचून मी पोळ्या लाटत होते तिथेच थबकले होते. या माणसाचं नावही मला तोवर माहीत नव्हतं.

वेग तपासायला खास टेस्ट कॅसेट मिळते, माझ्याकडे नव्हती. मी कंपनीची एक कॅसेट घेतली, तेच गाणं मोबाइलवर लावलं आणि दोन्हींना घड्याळ लावलं. मोबाइलवर ४ मिनिटं ३८ सेकंद. वॉकमनवर ४ मिनिटं ५१. तेरा सेकंदांचा फरक म्हणजे पावणेपाच टक्के. ऐकायला लहान वाटतं, पण पेटीवर काळी दोनचं गाणं जवळजवळ एक पट्टी खाली, पांढरी दोनला येऊन टेकतं. पीसीबीवर एक चिमुकला स्क्रू असतो, तो केसाएवढा फिरवायचा, पुन्हा पाच मिनिटं ऐकायचं, पुन्हा केसाएवढा. त्या एका गाण्याचा मला त्या संध्याकाळी कायमचा वीट आला. अजून ऐकवत नाही.

लॅपटॉपला जोडायला एक छोटं यूएसबी साउंड कार्ड घेतलं. लॅपटॉपच्या माइकच्या भोकात थेट वायर घातली तर आवाज मोनो होतो आणि खरखरतो. त्याहून महत्त्वाचं, चार्जर लावलेला असेल तर मागे "घूंऽऽ" असा भुंगा येतो. तीन दिवस मी वायरी बदलत बसले. शेवटी लेकीने चार्जर उपटला आणि भुंगा गेला. म्हणून सगळं रेकॉर्डिंग बॅटरीवर. आवाज रेकॉर्ड करायचं ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते घातलं. आवाजाच्या रेघा सर्वांत वरच्या टोकाला उणे ६ डेसिबलपर्यंत पोचतील एवढीच वॉकमनची चकती उघडायची. वर गेल्या तर आवाज फाटतो आणि फाटलेलं पुन्हा शिवता येत नाही.

एक गंमत सांगते. पहिली कॅसेट लावली आणि मी स्वयंपाकघराकडे बघून ओठांवर बोट ठेवलं. नवरा जागच्या जागी थांबला, हातात लाडवाचा डबा. मिनिटभराने आम्हा दोघांच्याही लक्षात आलं की आवाज वायरीतून जातोय, डबा पडला तरी काही बिघडणार नाही. पण आमच्या पिढीच्या हाडात ते बसलंय. रेडिओसमोर टू-इन-वन ठेवून रेकॉर्ड करायचं, बाबा घड्याळ बघतायत, आई कढईखालचा गॅस बारीक करतेय, आणि नेमका दूधवाला. माझ्या तेरा रेडिओवाल्या कॅसेटींपैकी एकीवर "आपली आवड"मधलं गाणं आहे आणि दुसऱ्या कडव्यात स्पष्ट ऐकू येतं, "वैनीऽऽ, अर्धा का एक?"

*

या कामाला घाई चालत नाही हे मला आधी जाचलं. फाईल असती तर शंभर गाणी मिनिटात उचलली असती. साठची कॅसेट साठ मिनिटंच घेते, नव्वदची नव्वद. दुकानातल्या ५८ म्हणजे सत्तरएक तास. मी शाळेत शिकवते, दिवाळीची सुट्टी होती म्हणून निभावलं. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. एका तासाची फाईल सुमारे ६३५ एमबीची. सामान बांधणं आणि कॅसेटी भरणं बरोबरच चाललेलं. बाजू संपली की "खट्" आवाज व्हायचा, मी हातातला वर्तमानपत्राचा कागद टाकून कॅसेट उलटी करायला धावायची.

पाचव्या-सहाव्या कॅसेटला लक्षात आलं की कंपनीच्या कॅसेटी स्वच्छ वाजतात आणि दुकानातल्या सगळ्या पडद्याआडून आल्यासारख्या. आधी वाटलं वय झालं, कॅसेटींचं नाहीतर माझ्या कानांचं. मेकॅनिकला फोन केला. तो म्हणाला, "हेड सेटिंग करा."

फीत असते ३.८१ मिलिमीटर रुंद. तेवढ्यात दोन्ही बाजूंचे डावे-उजवे मिळून चार पट्टे. हेडमधली फट या फितीला अगदी काटकोनात हवी. भरताना हेड थोडं कललेलं असेल आणि वाजवताना सरळ, तर बारीक आवाज मरतात. झांज, बासरीची फुंक, "स" आणि "श". हेडच्या बाजूला स्प्रिंगवरचा एक स्क्रू असतो, तो वाजत्या गाण्यात हळूहळू फिरवायचा. पाव आटा डावीकडे नेला आणि पडदा सरकला. तबल्याची शाई ऐकू आली. मी एकटीच होते घरात, कुणाला सांगू असं झालं.

पण खरी मौज पुढे. तोच पाव आटा दुकानातल्या पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागू पडला. काकांच्या डेकचं हेड तेवढंच कललेलं होतं, आणि तो कल त्यांनी भरलेल्या प्रत्येक कॅसेटीत उतरला होता, हस्ताक्षरासारखा. मग २३व्या कॅसेटीला एकदम तो लागू पडेनासा झाला. कार्डावरची गाणी बघितली, १९९१ सालच्या सिनेमांची. म्हणजे त्या सुमारास त्यांनी हेड बदललं असणार. त्यानंतर ज्या कार्डांवर तारीख नव्हती त्या कॅसेटी आधीच्या की नंतरच्या हे मी स्क्रूवरून सांगू लागले. नवऱ्याने हात जोडले.

वेगाचंही तसंच. माझा वॉकमन आता नीट चालत होता, पण दुकानातल्या कॅसेटी त्यावर चार टक्के पळत होत्या. म्हणजे काकांचा डेक भरताना हळू चालायचा. तेव्हा लक्षात आलं की गेली पंधरा-वीस वर्षं मोबाइलवर ही गाणी ऐकताना मला ती पेंगुळलेली का वाटतात. माझ्या कानांना चढी सवय होती. गाणारा काळी एकमध्ये गात होता, मी तो जवळजवळ पांढरी दोनमध्ये पाठ केला होता.

*

बुरशीचा प्रसंग मात्र थोडक्यात आटोपते, कारण त्यात कष्ट फार आणि गंमत थोडी. अकरा कॅसेटींच्या खिडकीतून रिळावर पांढरी साय दिसत होती. तशीच लावली तर ती हेडला लागते आणि तिथून पुढच्या सगळ्यांना. कवच पाच स्क्रूंचं असेल तर उघडून रीळ दुसऱ्या रिकाम्या कवचात घालता येतं. चिकटवलेलं असेल तर कडेला सुरीचं पातं ठेवून हातोडीने टिचकी मारायची. सरावासाठी नवऱ्याची "इंग्रजी बोलायला शिका" छापाची कॅसेट घेतली. ती त्याने १९९४ पासून ऐकलेली नव्हती, पण नेमकं फोडल्यावर त्याला तिची आठवण आली. कवचं मिळवली ती निवडणुकीच्या प्रचाराच्या चार कॅसेटींतून. रिक्षावर कर्णा लावून वाजवायच्या त्या. आमच्याकडे कशा आल्या कोण जाणे, पण स्क्रूंच्या होत्या आणि त्यांच्या आतली फेल्टची गादी धड होती. ही गादी रिळाला हेडवर दाबून धरते. माझ्या निम्म्या कॅसेटींतली डिंक सुटून पडलेली.

तोंडाला फडकं बांधून गच्चीत, उन्हात बसायचं, रीळ पुढे-मागे फिरवत मऊ कापडातून काढायचं. पेन्सिल भोकात घालून गरागरा फिरवण्याचं कसब हाताला अजून आहे हे तेव्हा कळलं. नटराजच्या कंगोरेदार पेन्सिलीचा जन्म बहुधा यासाठीच झाला असावा. अकरापैकी आठ वाचल्या.

*

फाईली तयार झाल्यावर प्रश्न आला कापायचा. ऑडॅसिटीत गाणं संपलं की रेघ सपाट दिसते. तिथे तिथे खूण करून एकेक गाणं सुटं करता येतं, नावं घालता येतात. शिस्तीचं काम तेच. लेक म्हणाली, "आई, अशी अख्खी तीस मिनिटांची फाईल कोण ऐकतं?"

मी दोन कॅसेटी कापून बघितल्या. सुटी गाणी मोबाइलवर आधीच होती, माझ्यापेक्षा शंभर पटीने स्वच्छ. ठुसक्या आवाजातली दुसरी प्रत करून काय साधलं? माझ्या कॅसेटींत जे होतं ते गाण्यांच्या मधल्या सांध्यांत होतं. हे गाणं संपताना डोक्यात पुढचं सुरू होतं, ते वाजायच्या आधी, त्याच सुरात. आणि एका कॅसेटच्या ए बाजूला शेवटचं गाणं दुसऱ्या अंतऱ्याच्या मधेच तुटतं, काकांचा हिशेब चुकला म्हणून. कार्डावर त्यांनी प्रामाणिकपणे "अपूर्ण" लिहिलंय. ते गाणं पुढे शंभर वेळा पूर्ण ऐकलं, तरी त्या शब्दाशी माझा श्वास अडकतोच. दादाचाही. आम्ही फोनवर म्हणून बघितलं, दोघंही तिथेच थांबलो आणि हसलो.

म्हणून कापलं काहीच नाही. बाजू अख्खी ठेवली, खट्पासून खट्पर्यंत. वेगही सुधारला नाही. खरखर काढायचं साधन वापरून बघितलं, खरखर गेली आणि तिच्याबरोबर तानपुऱ्यातली हवाही गेली. तेही रद्द.

कापल्या त्या फक्त चांदण्या. त्यांची प्रत वेगळी काढली, कारण आता नाव शोधायचं होतं. ५५ कॅसेटींत ४७ चांदण्या निघाल्या. गाणं ओळखणाऱ्या अॅपला ऐकवल्या तर त्याने सपशेल हात वर केले. दोन दिवसांनी डोक्यात प्रकाश पडला की चांदण्याही चार टक्के पळतायत, ते बिचारं ओळखणार कसं? त्या तेवढ्या प्रतींचा वेग उतरवला आणि धडाधड नावं आली. २९. कुमार गंधर्व सहा वेळा. बेगम अख्तर पाच. प्रल्हाद शिंदे, आणि त्यांच्यामागोमाग लगेच भीमसेन जोशी, कारण दोन्हीकडे विठ्ठल. उरलेल्यांतली ११ दादाने आणि मी मिळून काढली. सात राहिल्या.

मी शास्त्रीय गाणं कुठे शिकले नाही. पण पुण्यात नोकरीला आल्यावर पहिल्या पगारातून अलूरकर म्युझिक हाउसच्या दोन कॅसेटी घेतल्या होत्या, त्यातली एक कुमारांची. हे नाव मी कुठून उचललं हे मला कधी सांगता येत नसे. वर्तमानपत्रातून असेल, असं म्हणायची.

सातांपैकी सहा आज ना उद्या सापडतील, रेकॉर्डवरच्या वाटतात. सातवी वेगळी आहे. बाईचा आवाज, पेटी, तबला, समोर माणसं बसलेली. कुणीतरी खोकतं, कुणीतरी "वा" म्हणतं, आणि ते "वा" माइकच्या अगदी जवळचं आहे. दोन मिनिटं चाळीस सेकंद. ठुमरी आहे हे नक्की, त्यापुढे काही नाही. अॅपला नाही, गाणं शिकवणाऱ्या माझ्या मैत्रिणीला नाही, तिच्या गुरुजींनाही नाही. छापील रेकॉर्ड नाहीच ती, कुठल्यातरी घरच्या बैठकीत कुणीतरी टेप ठेवून घेतलेली आहे. ते "वा" कुणाचं असावं याबद्दल मला एक शंका आहे, पण तो आवाज मी "आधी ऐक, नाव नंतर" एवढ्याच वाक्यांत ऐकलेला, तोही पस्तीस वर्षांमागे. शपथेवर नाही सांगता येणार.

कंपनीच्या कॅसेटींतल्या बारा ठेवल्या, बाकीच्या ऐंशी जुन्या बाजारात दिल्या. त्याने दहा रुपयांना एक घेतली. वॉकमनचे ५५० सुटले म्हणायचे. दुकानातल्या आणि रेडिओवरच्या सगळ्या स्टीलच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, भाड्याच्या घरी आल्या. डब्याला माळा नाही, तो माझ्या कपाटात आहे.

वाचल्या नाहीत म्हटलं त्या बुरशीच्या तीन अजून तशाच आहेत. इथली गच्ची कुलूपबंद असते, चावी वॉचमनकडे. त्याला सांगून ठेवलंय रविवारी सकाळी नऊला. तापकीर गल्लीतून दोन बेल्ट जादा आणलेत, प्रचाराचं एक कवच शिल्लक आहे. तिघींपैकी दोघींची कार्डं ओल लागून पुसट झालीत. तिसरीचं नीट वाचता येतं. बी बाजूला पाच गाणी, निळ्या रिफिलने, आणि खाली लाल चांदणी.